थोरल्या भावाचा दाखला

हे मी कुणापाशीही बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, ती हे ऐकल्यावाचूनच गेली. मुलापाशी नाही. देवापुढं रोज सकाळी बसतो, त्यालाही शब्दांत सांगितलेलं नाही. त्याला ठाऊक असेल तर असो. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझे कोणी नाही. उद्या तंजावरच्या जुन्या बसस्टँडवर समोर आलात तर मी ओळख देणार नाही. सोबत्याला सांगतात तसं सांगतो खरं — पण सोबती म्हणून नव्हे.

आणि एक आधीच सांगून ठेवतो. म्हातारा झाला, मऊ झाला, असं मनात आणू नका. मी मऊ झालेलो नाही. रडूनबिडून सांगायची मला सवय नाही. कुणी माझी कीव केली तर त्याला मी घरातून बाहेर काढीन, अजून एवढा जोर हातात आहे.

शाळा मी चौथीपर्यंत शिकलो, तीही तमिळमधली. ही जी अक्षरं तुम्ही वाचता आहात ती वडिलांनी पोथीवरून शिकवली, मांडीवर बसवून, चुकलं की कान पिळून. त्यानंतर मी भाताच्या गिरणीत लागलो. उकडा तांदूळ काढायची गिरणी — भात भिजवायचं, उकडायचं, खळ्यावर वाळवायचं, मग भरडायचं. चाळीस वर्षं मी तिथं मेस्त्री होतो. वाळलेला दाणा दातांखाली धरला की मी सांगायचो, अजून दोन तास ऊन पाहिजे, किंवा आता उचला. माझ्या शब्दावर खळं उचललं जायचं. पापनाशमकडचे मोठे शेतकरी मला मेस्त्री म्हणून हाक मारायचे, नावानं नाही. कुणी कधी मला म्हणालं नाही, मेस्त्री, कागद दाखवा. कागद कशाला? मी बोललो म्हणजे झालं.

घरापुढं आमचा तिण्णै आहे — ओटा, दोन बाजूंनी बसायला. संध्याकाळी गिरणीच्या बायका तिथं यायच्या. कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाचा नवरा बोलत नाही, कुणाच्या पोरीला बघायला येणार — मेस्त्री, तुम्ही सांगा. मी सांगायचो. गिरणी सोडल्यावरही त्या येत राहिल्या. हे सगळं मी फुशारकीसाठी सांगत नाही. सांगावं लागतं. नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही — तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीसाठी?

माझा मुलगा सुंदर. औषधांच्या दुकानात काम करतो, गरीब स्वभावाचा, आईवर गेला. त्याला दोन मुली. थोरली गोमती, धाकटी जानकी. दोघी मला ताता म्हणतात, आजोबा नाही. घरात आम्ही मराठी बोलतो, त्या मराठीत ऐकतात आणि तमिळमध्ये उत्तर देतात. गोमतीला शाळेत तमिळ भाषणाची बक्षिसं होती — स्टीलचे डबे, ताटं, एक भिंतीवरचं घड्याळ. ती बोलायला उभी राहिली की शिक्षक खुर्च्या पुढं ओढायचे. मी एकदा मागं उभा राहून ऐकलं होतं. तिला सांगितलं नाही.

बारावीला असताना तिनं डोक्यात घेतलं — कायदा शिकायचा. आणि तोही साधा नाही, पाच वर्षांचा, कला आणि कायदा एकत्र. एकाच शिक्षणात दोन पदव्या. मला तिनं समजावून सांगितलं होतं. आधी इतिहास, राज्यकारभार, अर्थशास्त्र, त्याच्या जोडीला करार, घराचे कायदे, गुन्ह्यांचे कायदे, आणि शेवटी वकील. मी म्हटलं, एका ताटात सांबार आणि खीर वाढतात होय? ती हसली. म्हणाली, "ताता, इतिहास कळला नाही तर कायदा कुणासाठी केला तेच कळत नाही. म्हणून एकत्र." सतरा वर्षांची पोर. मला आवडलं नाही. बोलणं आवडलं नाही, की तिनं बोलणं आवडलं नाही — तेव्हा मी ते बघितलं नाही.

आता ते सांगतो. आधी तिण्णैवरचं. तेच खरं मूळ, बाकी मी स्वतःला नंतर सांगितलेल्या गोष्टी आहेत.

गिरणीच्या मालकानं भात वाळवायचं यंत्र आणलं. खळ्यावरच्या बायका नकोशा झाल्या. त्यांना एकेक कागद दिला, सही करा म्हणून. सेल्वी नावाची एक बाई, वीस वर्षं माझ्या हाताखाली राबलेली, तो कागद घेऊन माझ्याकडं आली. मी कागद हातात धरला. तमिळ मला वाचता येतं, पण सरकारी, कचेरीतलं तमिळ — ते चार ओळींनंतर माझ्या डोळ्यांपुढं नुसतं हलायला लागतं. मी म्हटलं, मालकाचा कागद आहे, मालक वाईट नाही, कर सही. माझ्या शब्दावर त्याआधी दोघींनी सही केलीही होती.

गोमती दारात उभी होती. पुढं आली, माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "अक्का, सही करू नका. ह्यात लिहिलंय की तुम्ही आपल्या खुशीनं काम सोडता. मग तुमच्या वीस वर्षांचं काही मागता येणार नाही."

सेल्वीनं माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या हातातून कागद काढून घेतला — हिसकावला नाही, हळूच काढला, लहान मुलाच्या हातातून काढतात तसा — आणि गोमतीला दिला. "तू वाच गं बाई, नीट वाच. मेस्त्रीला चष्मा लागलाय." बाकीच्या बायका हसल्या. वाईट हसल्या नाहीत. सहज हसल्या.

त्या दिवसापासून बायका यायच्या, मला वणक्कम म्हणायच्या आणि आत जायच्या. गोमतीकडं. मी ओट्यावर बसलेला आणि माझ्या अंगावरून पदर सावरत त्या आत. तुम्ही म्हणाल, नात आहे, अभिमान वाटायला पाहिजे होता. वाटायला पाहिजे होता. कुणी नाही म्हणतं?

आता दाखल्याचं.

ह्या पाच वर्षांच्या शिक्षणाला जागा मोजक्या. मार्कांनी मिळतात, पण प्रत्येक वर्गाची यादी वेगळी. आमच्या जातीचं नाव सरकारच्या मागासवर्गाच्या यादीत आहे. तो दाखला असला तर गोमतीचे मार्क पुरेसे होते. नसला तर सगळ्यांच्या यादीत — आणि तिथं पुरेसे नव्हते. हे तिनं मला दोनदा सांगितलं. मला नीट कळलं होतं. कळलं नव्हतं, असं मी कधीच म्हणणार नाही.

दाखल्याला पुरावा लागतो. बापाचा, आजाचा, रक्ताच्या कुणाचा जुना दाखला. सुंदरचा नव्हता, आणि तोही माझ्यामुळंच. त्याला शाळेत घातला तेव्हा मास्तरांनी जात विचारली. मी म्हटलं, मराठी लिहा. ते म्हणाले, ती भाषा झाली. मी म्हटलं, आम्ही मराठी राजाबरोबर तंजावरला आलेली माणसं, आमच्या पूर्वजांनी घोडदळ सांभाळलं, आम्हाला मागास म्हणणारे तुम्ही कोण? त्यांनी कंटाळून रकाना मोकळा सोडला. घोडदळाची गोष्ट आमच्या सगळ्या घरांतून सांगतात. माझा थोरला भाऊ हसायचा त्याला. म्हणायचा, "सांभाळलं म्हणजे घोड्यांना हरभरा घातला रे, वेड्या. लगाम दुसऱ्याच्या हातात होता." तो शहाणा होता. सरकारी कचेरीत शिपाई होता आणि नोकरीसाठी त्यानं दाखला काढला होता. त्याला मूलबाळ नव्हतं. तो गेल्यावर त्याचं सगळं माझ्याकडं आलं — दोन धोतरं, एक छत्री, आणि एका पाकिटात तो दाखला. मी तो माझ्या ट्रंकेत ठेवला. किल्ली माझ्या कमरेच्या करगोट्याला असते. घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

चौकशीला गावचा अधिकारी आला — व्हीएओ म्हणतात आमच्याकडं. तिशीतला, सावळा, शर्टाच्या खिशात दोन पेनं. मोपेड झाडाखाली लावली, चपला खाली काढून ओट्यावर बसला. मे महिना, कावेरीच्या कालव्यात थेंब नाही, घाम पुसत होता. मला ऐया म्हणाला. आदरानं विचारलं, ऐया, तुमच्या वडिलांचा, भावाचा, कुणाचा काही कागद आहे का?

मी तोंड उघडलं. आणि गोमती आतून ताक घेऊन आली, आणि म्हणाली, "सर, तातांना ह्यातलं कळत नाही. मी सांगते."

बस. एवढंच. तिला काही वाईट म्हणायचं नव्हतं. घाई होती तिला, भीती होती, मी पुन्हा घोडदळ काढीन म्हणून. बरोबरच होती भीती. पण त्या परक्या माणसानं पेन माझ्याकडून तिच्याकडं वळवलं — मला दिसलं ते — आणि तो तिच्याशी बोलायला लागला. माझ्या ओट्यावर.

मी तिला म्हटलं, जा, साहेबाला काप्पी टाक. ती आत गेली. आणि मी त्या माणसाला म्हटलं, तंबी — म्हणजे धाकट्या भावा — लिहून घे. आमच्याकडं कसलाही कागद नाही. आणि आम्ही त्या यादीतले नाही. घरातला वडील मी आहे, मी सांगतो.

त्यानं पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "ऐया, रागात बोलू नका. मुलीचं नुकसान होईल. मी असं लिहिलं तर वर कुणी बदलणार नाही. मी उद्या परत येतो, तोवर आठवून बघा."

ऐकलंत? तो दुसऱ्या दिवशी परत आला. उन्हात, त्याच मोपेडवर, आपण होऊन. गोमती आणि तिची आई देवळात गेल्या होत्या, घरात मी एकटा. कागद ट्रंकेत, ट्रंक माझ्या पाठीमागं, किल्ली कमरेला. पूर्ण रात्र मध्ये गेली होती, राग उतरायला तेवढी पुरते. मी म्हटलं, काल सांगितलं तेच. त्यानं लिहिलेलं माझ्यापुढं धरलं, वाचून दाखवलं, सावकाश, प्रत्येक शब्द. मी सही केली. माझी सही चांगली येते.

कबुलीजबाब म्हणतात तो एवढाच असता तर मी कदाचित लिहिलाही नसता. पण खोटं एकटं राहत नाही — नाही, ही म्हण वगैरे नको. सरळ सांगतो.

दाखला नाकारला गेल्याचं कळलं तेव्हा घरात सगळे माझ्याकडं बघायला लागले. काय झालं त्या दिवशी? काय बोलला तो? आणि मी — विचारसुद्धा करावा लागला नाही मला, तोंडात तयार होतं — मी म्हटलं, तो म्हणाला, तुम्ही बाहेरची माणसं. तुमच्या मुलखात जाऊन दाखला मागा, इथं कशाला आलात.

त्या माणसाच्या तोंडी मी हे घातलं. चपला काढून माझ्या ओट्यावर बसलेल्या माणसाच्या.

सुंदर, जो कधी कुणाला मोठ्यानं बोलला नाही, तो कचेरीत गेला आणि दहा माणसांसमोर त्याला नको ते बोलला. तो व्हीएओ एवढंच म्हणाला म्हणे, "तुमच्या वडिलांना विचारा." सुंदर घरी आला, मला विचारलं. घामानं भिजलेला. "अप्पा, तो असं का म्हणतो? खरं सांगा." मी देवघरात गेलो, पेटत्या समईवर हात धरला आणि शपथ घेतली. मुलानं माझा हात ओढून बाजूला केला, भाजेल म्हणून. आणि मग तक्रार लिहिली. त्या माणसाची पुढं बदली झाली. तक्रारीमुळं झाली का, मला ठाऊक नाही. मी कुणाला विचारलं नाही.

गोमतीनं यादी फोनवर बघितली. तिच्यापेक्षा कमी मार्कांची तिची मैत्रीण, बरोबर सायकलवरून शाळेत जायची ती, तिला जागा मिळाली होती. गोमतीनं फोन पालथा ठेवला आणि आत जाऊन भांडी घासली. मग तिनं इथल्याच कॉलेजात इतिहास घेतला. दोन पदव्यांतली एक. कला मिळाली, कायदा नाही.

पण जागा गेली त्याहून दुसरं काही गेलं. ते मी बघत होतो, रोज, समोर. तिनं तमिळ भाषणं सोडली. कॉलेजात बोलावलं तर गेली नाही. शेजारच्या बायकांशी बोलताना तिच्या तोंडी एक शब्द आला, पूर्वी कधी नव्हता — "तुमची लोकं." देवळात कुणी पाहुणीनं विचारलं, पोरी, तू कुठली? तर म्हणाली, "इथली नाही." इथल्या सरकारी दवाखान्यात जन्मली ती. साडेतीनशे वर्षांतली आमच्या घरातली माणसं इथल्या मातीत गेली. आणि सतराव्या वर्षी ती बाहेरची झाली, माझ्या एका वाक्यानं. ते वाक्य कुणी बोललंच नव्हतं. ह्या गावात मला आजवर कुणी तसं म्हटलेलं नाही. कुणीही.

अजून आहे. थांबा.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरता येत होता. ती माझ्याकडं आली, मी सुपारी कातरत होतो, खाली बसली. म्हणाली, "ताता, मी विचार करत होते. थोरले आजोबा सरकारी नोकरीत होते ना? नोकरीला दाखला लागतो. म्हणजे त्यांनी काढला असेल. त्यांचं सामान आपल्याकडंच आलं. कुठं काही कागद असेल का?"

बघा तिचं डोकं. कुणी सांगितलं नव्हतं, एकेक पायरी चढत ती ट्रंकेपाशी आली होती. वकील अजून काय वेगळं करतात?

आणि मी म्हटलं, त्याचं काही राहिलं नाही.

पहिल्या वेळी राग होता. ह्या वेळी राग नव्हता. बायका तिच्याकडं येत नव्हत्या, ती कुणाचं काही वाचत नव्हती, ओटा पुन्हा माझा झाला होता — अर्धा रिकामा, पण माझा. तिच्यावर माझा कसलाही डूख उरला नव्हता. मग का? कारण कागद काढला असता तर पहिलं खोटं उघडं पडलं असतं. एवढंच कारण. माझी पत राहावी म्हणून मी तिचं दुसरं वर्ष घेतलं. तिनं मान हलवली. "बरं ताता" म्हणाली आणि माझ्यापुढं पडलेले सुपारीचे तुकडे गोळा करून डब्यात भरले.

पुन्हा तिनं विचारलं नाही.

चार वर्षांपूर्वी पापनाशमच्या स्टेशनवर तो व्हीएओ मला भेटला. केस पिकायला लागलेले. मला वाटलं तोंड फिरवील. मी आधी फिरवलं. तो समोर आला, वणक्कम केला. "ऐया, बरे आहात? तुमची नात काय करते?" सुंदर दहा माणसांत त्याला जे बोलला ते त्याच्या कानांत असणारच, तरी नातीची चौकशी करत होता. मी म्हटलं, वकील झाली. त्याचं तोंड फुललं. "मला वाटलंच होतं. मग कागद मिळाला शेवटी!" मी म्हटलं, मिळाला. त्यानं माझे दोन्ही हात धरले. गाडी आली, गर्दीत आधी चढून त्यानं माझ्यासाठी जागा धरली आणि स्वतः उभा राहिला. तंजावर येईपर्यंत. मी बसलो.

गोमती आता ई-सेवा केंद्रात कामाला आहे. लोकांचे अर्ज भरते, दाखले काढून देते. बायका तिथं रांगेत उभ्या असतात. मी तिकडून जात नाही.

ह्या वर्षी जानकीची बारावी झाली. तिलाही तेच शिकायचं होतं — पाच वर्षांचं, कला आणि कायदा. थोरलीची पुस्तकं वाचूनच ती वाढली. दाखला पुन्हा लागणार होता. आणि गोमती नको म्हणाली. मी ओट्यावर होतो, दोघी आत बोलत होत्या, दार उघडं होतं. जानकी चिडून म्हणत होती, अक्का, एकदा प्रयत्न तरी करू. आणि गोमती म्हणाली, "नाही. पुन्हा कुणीतरी येणार, तातांना समोर बसवणार, बाहेरचे म्हणणार. ह्या वयात त्यांचा पुन्हा अपमान मला चालणार नाही. तू दुसरं काहीतरी शिक."

माझा अपमान होऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी किल्ली काढली. चांगुलपणा म्हणून नव्हे, तसं काही समजू नका. त्या वाक्याखाली मला बसवत नव्हतं, म्हणून. दाखला काढला आणि गोमतीपुढं ठेवला. आणि म्हटलं — घरच्यांशी हे तिसरं खोटं — म्हटलं, ट्रंक साफ करत होतो, तळाच्या कागदाखाली सापडला. खरं बोलायला तेवढीच वेळ होती. समोर दोघी होत्या, सुंदर होता, सून होती. आणि मी पुन्हा खोटं बोललो, बाहेरून सहज वाटेल असं.

गोमतीनं दाखला दोन्ही हातांत धरला. शिक्का बघितला, तारीख बघितली, मागची बाजू बघितली. सुंदर रडायला लागला. "आधी सापडला असता तर—" एवढं म्हणाला आणि गप्प झाला, मला लागेल म्हणून. नवी व्हीएओ एक तरुण मुलगी आहे. तिनं माझ्याकडं येऊन दोन प्रश्न विचारले, मी दोन्हींची खरी उत्तरं दिली. दहा मिनिटं लागली. दहा.

जानकीला जागा मिळाली. ती हॉस्टेलवर गेली. गोमती केंद्रावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगते — आमच्या तातांनी ह्या वयात सगळी ट्रंक उपसून कागद शोधला. गल्लीत लोक मला थांबवून नावाजतात. मी मान हलवतो.

ही अक्षरं आमच्या घरात माझ्याशिवाय कुणालाच वाचता येत नाहीत. सुंदरला नाही, मुलींना नाही. तमिळमध्ये मी हे लिहू शकलो असतो, मोडकंतोडकं. लिहिलं नाही. का, ते तुम्हाला कळलंच आहे.

जानकी गेली त्या सकाळी गोमती कामावर निघताना माझ्यापाशी थांबली. कधी नाही ते मराठीत बोलली, चुकतमाकत. "ताता, मला नाही मिळालं ते असू दे. तिला मिळालं, तुम्ही दिलंत." आणि वाकली. तिचे हात माझ्या पायांना लागले. मी पाय मागं घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला, नेहमीचा, पाठ असलेला, आवाज न हलता. तिनं डोळे पुसले, चपला घातल्या आणि गेली. मी पानाला चुना लावला आणि पान खाल्लं.